लेकरांसाठी अडीच तास

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या महिला व पालक मेळाव्यातील भाषण. वक्त्या संस्थेच्या सभासद असून एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



२५ वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा धड रस्ता नव्हता. रात्री यायचं म्हणजे हातात बॅटरी लागायची. आज रस्ता आहे, दिवे आहेत, नळ आहेत. नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते आजच्या दिवशी सोडून देऊ. ज्यांनी पावती पुस्तक हातात घेऊन दारोदार फिरून ही संस्था उभी केली, त्यातले काही आज आपल्यात नाहीत. त्यांना आधी वंदन करते.

मला समितीनं विषय दिला ‘मुलं, कुटुंब आणि आपली वसाहत’. माझी सगळी नोकरी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात अंगणवाड्या बघण्यात गेली, म्हणून दिला असावा. मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. वस्तीत लहान मुलांसाठी रोज उघडणारी एक जागा असली, की तिचा उपयोग फक्त त्या मुलांना होत नाही, त्यांच्या अख्ख्या घराला होतो. आणि आपल्याकडे अशी जागा आहे. आपण तिच्यातच बसलो आहोत.

अंगणवाडी हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पण तो आला कुठून, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तो सरकारी कार्यालयात तयार झालेला नाही. तो मराठी बायकांनी काम करता करता घडवलेला आहे. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं आपल्या वऱ्हाडात, अमरावतीला होत्या. पुढे त्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करायला लागल्या, आणि नंतर मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवलं. शहरात त्यांचं नाव झालं होतं. तरी १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या. शिकून शिक्षिका झाल्या, आणि मग उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी याच कामाला दिलं.

बोर्डीत त्यांनी आधी गावात बालवाडी काढली. पण वस्तीतली, पाड्यावरची मुलं तिथे येईनात. आता आपण काय म्हटलं असतं? ‘आम्ही शाळा काढली, त्यांनाच गरज नाही.’ ताराबाई-अनुताईंनी तसं म्हटलं नाही. मुलं येत नाहीत तर आपण त्यांच्या अंगणात जाऊ, असं ठरवलं. बाई वस्तीत जायच्या, एखाद्या घरासमोरचं अंगण झाडून घ्यायच्या, मुलांना आंघोळ घालायच्या, केस विंचरायच्या, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागडी खेळणी कुठली आणणार? शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, हेच सामान. अंगणात भरणारी बालवाडी, ती अंगणवाडी.

१९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली आदिवासींचे पाडे. तिथली अडचण आणखी वेगळी निघाली. मोठी मुलं गुरं राखायला जात, आणि मोठ्या मुली लहान भावंडं सांभाळायला घरी थांबत. मग ज्या कुरणात गुरं चरतात तिथेच बाई गेल्या, तिला कुरणशाळा म्हणाले. आणि मुलींसाठी काय केलं? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिला विकासवाडी असं नाव दिलं. मोठी बहीण कडेवर लहानग्याला घेऊन आली तरी चालेल. लहानगं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, आणि ती स्वतः वर्गात.

बायांनो, माझ्या सगळ्या नोकरीचं सार या एका युक्तीत आहे. आपल्या जिल्ह्यात कपाशी वेचणीच्या, सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत मी गावोगाव फिरायची. शाळेतल्या पटावर मुलगी असायची, वर्गात नसायची. घरी जाऊन विचारलं तर आई सांगायची, ‘बाई, लहान्याले कोणाजवळ ठेवू? म्हणून मोठीले घरी ठेवलं.’ त्या माऊलीला शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारं भाषण नको होतं. तिला लहान्याला चार तास ठेवायला जागा पाहिजे होती. ज्या गावात अंगणवाडी वेळेवर उघडायची, तिथे मोठी शाळेत जायची आणि आई निर्धास्तपणे वावरात जायची. एका खोलीनं घरातल्या तिघांचा दिवस मार्गी लागायचा.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशभरात फक्त ३३ प्रकल्प होते. त्यातला एक आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणीला होता. आज देशात १३ लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. पुष्कळांना वाटतं, अंगणवाडी म्हणजे खिचडी. खिचडी आहेच, आणि ती महत्त्वाची आहे. पण योजनेत सेवा सहा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं म्हणजे संदर्भ सेवा, आईला आहार-आरोग्याची माहिती, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीचं शिक्षण. गरोदर बाई आणि स्तनदा माता यासुद्धा अंगणवाडीच्या लाभार्थी आहेत.

सेविका दर महिन्याला मुलाचं वजन करते, उंची घेते, दंडाला एक रंगीत पट्टी लावते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर साडेबारा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी पिवळ्यात येते, साडेअकराच्याही खाली गेला तर लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, लेकराला लगेच डॉक्टरकडे न्यायचं. एवढी साधी पट्टी! पण ती लावायला कोणीतरी दर महिन्याला त्या लेकराला हातात घ्यावं लागतं. मूल वाळत चाललंय हे रोज पाहणाऱ्या आईच्या लक्षात येत नाही, कारण ती रोज पाहते. महिन्यानं पाहणाऱ्याच्या लक्षात येतं. जागा रोज उघडी आणि माणूस तेच, तेव्हाच हे जमतं.

ही कामं करणाऱ्या सेविका आणि मदतनिसांना पगार नाही, मानधन मिळतं. त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे, हे म्हणायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागलं. आपल्या वसाहतीच्या मागच्या बाजूला ज्या सेविका येतात, त्या दिसल्या तर निदान पाणी तरी विचारत जा, एवढं मी हक्कानं सांगते.

आता आपल्याकडे येते. तुम्ही म्हणाल, ताई, हे सगळं पाड्यावरचं, खेड्यातलं. आपण बुलढाणा शहरात राहतो, आपली मुलं कॉन्व्हेंटला जातात. बरोबर आहे. पण सायंकाळी साडेचार वाजता आपल्या वसाहतीत एक फेरी मारा. बंद दारामागं मूल आणि मोबाईल. आई-बाबा दोघं नोकरीला. आजी-आजोबा असले तर त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना मुलाच्या मागं धावता येत नाही. मोकळ्या जागेत गाड्या लागलेल्या. मुलं खेळायची म्हटली तर बॉल कोणाच्या तरी काचेला लागतो आणि मग सचिवांकडे तक्रार जाते. यात कोणाचा दोष काढत नाही. मुलांनी बसावं, खेळावं, वाचावं अशी एकही जागा आपण २५ वर्षांत ठेवली नाही, एवढंच म्हणते.

आणि दुसरी मुलं आहेत. आपल्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या बाया मागच्या वस्तीतून येतात. कोणाच्या घराचा वरचा मजला चढतोय, तिथे मजुरांची कुटुंबं पत्र्याच्या खोलीत महिनोन् महिने राहतात. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला निघून जातात, आणि काही मुलं मागं आजीपाशी राहतात. अंगणवाडी सहाव्या वर्षी सुटते, आणि दुपारी बंद होते. शाळा सायंकाळी सुटते. त्यानंतर ती मुलं कुठे असतात? आपल्या गेटाजवळ, आई कामावरून निघायची वाट बघत पायरीवर बसलेली. आपण रोज पाहतो. महिन्यानं पाहणारं कोणी आलं तर त्याच्या लक्षात येईल.

हे काम शहरात कसं करावं, याचेही धडे आपल्यापुढं आहेत. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मजुरांच्या लेकरांसाठी तिथेच, कामाच्या जागी पाळणाघर सुरू केलं. मोबाईल क्रेशेस हे तिचं नाव. ते काम पुढे मुंबई-पुण्यातही आलं. १९८८ साली रजनीताई परांजपे यांनी डोअर स्टेप स्कूल सुरू केली, नावातच सगळं आलं, शाळा मुलाच्या दारी. आणि १९९५ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ‘प्रथम’ संस्थेनं बालवाड्या काढल्या, त्यांनी इमारत बांधायची वाट पाहिली नाही. देवळात, समाजमंदिरात, कोणाच्या घरातल्या पुढच्या खोलीत, जिथे जागा मिळाली तिथे वस्तीतल्याच मुलींनी वर्ग भरवले. ताराबाईंचं अंगणच ते, फक्त मुंबईतलं.

आता मुख्य मुद्दा. आपलं हे सभागृह. गणपतीचे दिवस, नवरात्र, हळदीकुंकू, १५ ऑगस्ट, वार्षिक सभा, आणि अधूनमधून एखादं बारसं किंवा साखरपुडा. वर्षातले फार तर तीस-चाळीस दिवस ते उघडतं. बाकी दिवस कुलूप. समितीपुढे एक प्रस्ताव आहे, तो लपवण्यासारखा नाही, सूचना फलकावर लागलेला आहे. एका खासगी क्लासला हे सभागृह वर्षभर भाड्यानं द्यायचं. मी त्या प्रस्तावाच्या विरोधात बोलायला उभी नाही. सभागृहाचं छत गळतं, कंपाउंडची भिंत एका बाजूनं कलली आहे, देखभाल वर्गणी सगळे वेळेवर देतातच असं नाही. पैसा लागणार आहे. माझं म्हणणं इतकंच, की करार करताना सायंकाळचे साडेचार ते सात हे अडीच तास बाजूला काढून ठेवा. क्लासला सकाळ द्या, रात्रीचे साडेसातनंतर द्या, भाडं थोडं कमी येऊ द्या. ते अडीच तास मुलांचे.

कोणी विचारेल, हे संस्थेच्या नियमात बसतं का? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये संस्थेची उद्दिष्टं दिलेली असतात. त्यात मालमत्तेची देखभाल आहे, निधी उभारणं आहे, आणि सभासदांसाठी सामाजिक, सांस्कृतिक, करमणुकीचे उपक्रम करणं हेही आहे. आपली संस्था सहकारी आहे. जगभरच्या सहकारी संस्थांनी १९९५ साली मँचेस्टरला सहकाराची सात तत्त्वं नव्यानं मांडली. पाचवं तत्त्व शिक्षणाचं आहे आणि सातवं आहे आसपासच्या समाजाबद्दल आस्था. आपण सहकारी कायद्यातून सवलती घेतो, तर तत्त्वंही घेतली पाहिजेत.

दुसरी शंका मला माहीत आहे, कारण ती माझ्याजवळ दोघी-तिघींनी बोलून दाखवली. ‘बाहेरची मुलं येतील.’ त्या मुलांची आई आपल्या स्वयंपाकघरात येते. आपल्या घराची किल्ली तिच्याकडे असते. आपलं बाळ तिनं सांभाळलेलं असतं. तिला आपण बाहेरची म्हणत नाही, मग तिचं लेकरू बाहेरचं कसं? आणि नुसत्या भावनेवर जाऊ नका, हिशेबानंही बघा. तिचं मूल सुरक्षित जागी असलं तर ती खाडे कमी करते. पुन्हा तेच, एका खोलीत दोन घरांची सोय.

तिसरी शंका सुरक्षिततेची. ती रास्त आहे, आणि तिथे मी अंगणवाडीपेक्षाही कडक राहीन. नियम कागदावर लिहून भिंतीवर लावायचे. कोणत्याही वेळी किमान दोन मोठी माणसं हजर पाहिजेत, त्यात एक तरी बाई. दार उघडं ठेवायचं. एकटं मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर आतल्या खोलीत जाणार नाही, मग तो माणूस कितीही मानाचा असो. मूल आलं की नोंद, गेलं की कोणासोबत गेलं ती नोंद. पालकांचा फोन नंबर वहीत. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात, मुलांच्या नजरेच्या उंचीवर.

चौथी शंका, करणार कोण? मी आपल्या वसाहतीची यादी डोळ्यांपुढे आणली. निवृत्त शिक्षक आहेत, निवृत्त बँकवाले आहेत, जिल्हा परिषदेतले आहेत, पोस्टातले आहेत. आजी मंडळी आहेत, त्यांच्याजवळ गोष्टी आहेत आणि ऐकायला कोणी नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. प्रत्येकानं आठवड्यातून एक दिवस दिला तरी वार वाटून होतात. गणित कोणी घ्यावं, वाचून कोणी दाखवावं, कॅरम कोणी सांभाळावा, हे आपोआप ठरेल. सामान म्हणाल तर सतरंज्या आहेत. एक फळा, एक कपाट, पाण्याचा माठ आणि घराघरातून जुनी पण चांगली पुस्तकं. माळ्यावर पडलेल्या पुस्तकांना उंदीर वाचतात, त्यापेक्षा मुलांनी वाचलेली बरी. शिकवणी घ्यायची नाही. शाळेचा अभ्यास उरकायला मदत, वाचन आणि खेळ एवढंच. मुलाला वाटलं पाहिजे की इथे आपल्याला कोणी मार्क देणार नाही.

आणि महिन्यातला एक रविवार मोठ्यांसाठी ठेवायचा, त्याला ‘कागदांचा रविवार’ म्हणा. गरिबाच्या घरी पैशाइतकीच अडचण कागदाची असते. जन्माची नोंद २१ दिवसांत केली तर फी लागत नाही, हे ठाऊक नसतं. मग शाळेच्या वेळी धावाधाव. खासगी शाळांमध्ये पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा शिक्षण हक्क कायद्यानं दुर्बल घटकातल्या मुलांसाठी असतात, त्याचा ऑनलाइन अर्ज भरायची तारीख निघून जाते. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुराला मंडळाकडे नोंदणी करता येते आणि नोंदणी असली तर मुलांना शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५ हजार रुपये आहेत. हे सगळे फॉर्म भरण्यात आपल्यातले निवृत्त कर्मचारी पटाईत आहेत. सगळं आयुष्य फॉर्म तपासले, आता भरून द्या.

याला जोडून एक काम संस्थेच्या लेटरहेडवर होण्यासारखं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २००६ चा आदेश आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. मागच्या वस्तीचा शेवटचा भाग नव्यानं वाढला आहे, तिथून अंगणवाडी लांब पडते. आपल्या तरुण मंडळानं एका रविवारी घरोघर जाऊन मुलं मोजावीत. ४० भरली तर वस्तीतल्या आयांच्या सह्या घेऊन अर्ज करू. अर्जासोबत संस्थेचं पाठिंब्याचं पत्र लावू. मला त्या कार्यालयाचे जिने पाठ आहेत, मी सोबत येईन.

आपल्या जिल्ह्यात सिंदखेडराजा आहे, त्यामुळे आपल्या प्रत्येक कार्यक्रमात माँसाहेब जिजाऊंचं नाव निघतं आणि निघालंच पाहिजे. पण त्यांचं नाव घेऊन आपण एक सोय करून घेतो. मूल घडवायचं तर ते आईनं, असं म्हणून बाकीचे मोकळे होतो. आजची आई नोकरी करते, मजुरी करते, स्वयंपाक करते, सासूबाईंच्या गोळ्या बघते. तिच्याकडून जिजाऊ होण्याची अपेक्षा ठेवायची असेल, तर तिच्याभोवती वस्ती उभी राहिली पाहिजे. ताराबाईंना आणि अनुताईंना हे कळलं होतं. म्हणून त्यांनी आयांना उपदेश करण्याच्या आधी लेकरांना आंघोळ घातली.

हे सगळं एकदम जमेल असं मी म्हणत नाही. तीन महिने करून बघू. पहिल्या आठवड्यात वीस मुलं येतील, दुसऱ्या आठवड्यात आठ. तेव्हा कोणीतरी म्हणेल, ‘पहा, मुलांनाच गरज नाही.’ त्या दिवशी बोर्डीची आठवण ठेवा, आणि जी मुलं आली नाहीत त्यांच्या अंगणात जाऊन विचारा. तीन महिन्यांनी हिशेब समितीपुढे ठेवू. किती मुलं आली, किती दिवस उघडलं, किती दिवस माणूस नव्हता म्हणून बंद राहिलं. शेवटचा आकडा सगळ्यात प्रामाणिकपणे लिहायचा, कारण आपली परीक्षा तोच घेणार आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभागृहाच्या भाड्याचा विषय येईल. त्याच विषयात हे अडीच तास राखून ठेवण्याचा ठराव मी सूचक म्हणून मांडणार आहे. त्याला अनुमोदक पाहिजे. बापू माणूस असो की ताई, हात कोणाचाही चालेल. आणि ज्यांच्या नातवंडांना आज मागच्या सतरंजीवर बसून माझं एवढं लांब भाषण ऐकावं लागलं, त्यांनी तर हात वर केलाच पाहिजे.

संस्थेला रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा देते आणि थांबते.